खिडकीतला निवडुंग

गृहसजावटीच्या मासिकात, नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, एखाद्या दवाखान्याच्या प्रतीक्षालयात हल्ली एक झाड हमखास दिसतं. कमरेइतकं किंवा थेट माणसाच्या उंचीचं, सरळसोट, तीनधारी. मुख्य खोडाला बिलगून वर चढलेल्या फांद्या, धारांवर आखूड काट्यांच्या जोड्या, काट्यांच्या जवळ बारकी लांबट पानं, आणि हिरव्या अंगावर फिकट पांढुरकी नक्षी. मागे पांढरी भिंत असली तर त्याची सावलीही देखणी पडते. नर्सरीत त्याला नुसतं ‘युफोर्बिया’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं पूर्ण नाव युफोर्बिया ट्रायगोना. लोक ते कॅक्टस समजून घरी नेतात आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात ठेवतात, कारण तो कोपरा रिकामा असतो.

त्या कोपऱ्यात ते जगत नाही. पण लगेच मरतही नाही, आणि घोळ तिथेच होतो. खोडात साठवलेल्या पाण्यावर ते महिनोन्‌महिने तसंच उभं राहतं. मान टाकत नाही, पिवळं पडत नाही, त्यामुळे घरातल्यांना वाटतं की झाडाला जागा मानवली. मग एखाद्या पावसाळ्यात शेंड्याला नवी वाढ दिसते आणि सगळे खूश होतात. नीट पाहिलं तर ती वाढ खालच्या खोडाच्या निम्म्या जाडीची, फिकट पोपटी आणि खिडकीच्या दिशेला कललेली असते. उजेड पुरत नाही म्हणून झाडाने स्वतःला ताणलेलं असतं. पुढे कितीही ऊन मिळालं तरी हा बारीक भाग फारसा भरत नाही. वर पुन्हा जाड खोड आलं तरी मधली अरुंद मान तशीच राहते, आणि वरचं वजन वाढलं की झाड तिथेच मोडतं.

शिल्पासारखं दिसतं म्हणून आपण हे झाड आणतो. ते तसं राहावं असं वाटत असेल तर त्याचा आकार कशाने घडतो हे आधी कळायला हवं. माझं याबाबतीतलं मत ठाम आहे. या झाडांच्या निगेबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं ते जवळजवळ सगळं पाण्याबद्दल असतं, आणि बोलायला हवं उजेडाबद्दल. पाणी किती घालायचं तेसुद्धा उजेडच ठरवतो.

युफोर्बिया हे नाव परकं वाटलं तरी हे कूळ आपल्या पायाखालचं आहे. जगभरात त्याच्या सुमारे 2,000 जाती आहेत. फरशीच्या फटीतून उगवणारी, तोडली की दूध गळणारी नायटी त्यातलीच. नाताळात लाल होणारा पॉइन्सेटिया त्यातलाच. शेताच्या बांधावर, वाड्याच्या मागे कुंपणाला लावलेला पेन्सिलीच्या जाडीचा शेर हा मूळचा आफ्रिकेचा, पण इतका जुना रहिवासी की कुणी त्याला पाहुणा म्हणणार नाही. 1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या मेल्विन कॅल्व्हिन यांनी 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईच्या काळात या शेराच्या चिकातून इंधन काढता येईल का, याचा अभ्यास केला होता. आणि देशावर ज्याला मिनगुट किंवा नुसतं निवडुंग म्हणतात, आयुर्वेदात जी स्नुही, तीही युफोर्बियाच. बंगालमध्ये तिला मनसादेवीचं रूप मानून पुजतात. पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला तर वारीच्या वाटेवर तुकोबांची पालखी मुक्काम करते. घरात काटेरी झाड नको, असं सांगणारी परंपरा आपल्याकडे आहे तशी निवडुंगाला देवाशी जोडणारीही आहे. नको म्हणण्यामागे एक व्यवहाराचं कारण मला दिसतं आणि ते पटतं: रांगत्या मुलाच्या वाटेत काटे आणि चीक असू नये. झाड उंचावर किंवा खिडकीशी, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर ठेवलं की ते कारण उरत नाही.

फड्या निवडुंग मात्र वेगळा. तो खरा कॅक्टस, आणि एखादा अपवाद सोडला तर सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले. युफोर्बियाचे खांबासारखे प्रकार प्रामुख्याने आफ्रिकेतले. दोन्ही कुळांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. पण दोन्हीकडे कोरडा दुष्काळी मुलूख होता, तसंच रणरणतं ऊन होतं, आणि लाखो वर्षांत दोन्हीकडे उत्तर एकच निघालं: पानं कमी करा, खोड हिरवं आणि मांसल करा, अंगाला धारा पाडा, काटे ठेवा. ओळखायची खूण सोपी आहे. कॅक्टसचे काटे लव असलेल्या एका छोट्या गादीतून झुबक्याने निघतात. युफोर्बियाचे धारेवर जोडीजोडीने असतात. आणि नखाने जरासं खरवडलं की युफोर्बियातून पांढरा चीक येतो. तसं खरवडू मात्र नका. का, ते पुढे येईल.

या आकाराचा प्रत्येक भाग काम करतो. धारा हार्मोनियमच्या भात्यासारख्या मिटतात आणि फुगतात: पाणी संपत आलं की खोड आत ओढलं जातं आणि धारा टोकदार होतात, पाणी मिळालं की फुगून बोथट होतात, आणि साल न फाटता हे सगळं घडतं. शिवाय दुपारच्या उन्हात एका धारेची सावली शेजारच्या खोलगट भागावर पडते. पानं केवळ कोवळ्या भागावर आणि तीही चांगल्या दिवसांपुरती. पाणी ताणलं किंवा थंडी पडली की ती गळतात, आणि अनेक जण घाबरून पाणी घालतात. पानगळ हा या झाडाचा आजार मानू नये. खोड घट्ट आहे ना, एवढंच पाहावं.

त्याचं श्वास घेण्याचं वेळापत्रकही उलटं असतं, आणि त्याचा शोध लागण्यात आपल्या अंगणातल्या पानफुटीचा वाटा मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेला बेंजामिन हाइन हा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता. बागेतल्या पानफुटीची पानं चाखताना त्याच्या लक्षात आलं की सकाळी ती चुक्यासारखी आंबट लागतात, दिवस चढतो तसा आंबटपणा ओसरतो, दुपारी चवच नसते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट होतात. त्याने हे लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं आणि 1815 मध्ये ते छापून आलं. पुढच्या शतकात त्याचा उलगडा झाला. ही झाडं दिवसा त्वचेवरची छिद्रं बंद ठेवतात म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळचा आंबटपणा तो. दिवसा ऊन आलं की बंद दाराआड त्या साठ्यातून साखर तयार होते. पानफुटीची चव घरी कुणालाही पाहता येईल. युफोर्बियाची चव मात्र कधीही, कुठल्याही वेळी घेऊ नये. ते विषारी आहे.

या रात्रीच्या श्वासावरून एक समज पसरला आहे की अशी झाडं रात्री ऑक्सिजन देतात, म्हणून ती शय्यागृहात ठेवावीत. तसं होत नाही. ऑक्सिजन सुटतो तो पाण्याचा रेणू फुटताना, आणि त्यासाठी उजेड लागतो. रात्री ही झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात एवढंच खरं. हवा शुद्ध करण्याच्या दाव्याचं मूळ 1989 च्या नासाच्या प्रयोगात आहे. तो छोट्या बंद पेटीत केलेला प्रयोग होता. अशा प्रयोगांचा एकत्रित फेरआढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात दिसलं की राहत्या घरात जेवढी हवा दारा-खिडक्यांतून खेळते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि अगदी हजारापर्यंत झाडं लागतील. म्हणून हे झाड औषध म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका. ते सुंदर आहे, एवढं कारण घरी आणायला पुरेसं आहे.

आता उजेड. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी तो काही हजारांवर येतो, आणि खोलीत दहा फूट आत काही शेकड्यांवर. आपले डोळे इतक्या सहज जुळवून घेतात की हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही. ‘खोली छान उजेडाची आहे’ असं आपण म्हणतो आणि झाड उपाशी राहतं. त्यात भर जाळीची, ग्रिलची, गडद काचेची आणि समोर उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरची. मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप मिळतात, ढोबळ अंदाजाला ती पुरतात. त्याहून सोपं म्हणजे उजेड सर्वांत जास्त असतो त्या वेळी झाडाच्या जागी हात धरावा. सावलीची कड रेखीव पडली तर जागा योग्य. सावली धूसर असेल तर झाड तग धरेल, आकार धरणार नाही. सावलीच पडत नसेल तर ती जागा पितळी समईला द्यावी.

पण खिडकीची दिशा एकदा ठरवून भागत नाही, कारण आपल्याकडे सूर्य जागा बदलतो. ‘दक्षिणेची खिडकी उत्तम’ हा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतून आला. त्यांच्याकडे सूर्य बाराही महिने दक्षिणेला. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर, दक्षिणेला असतो. वर छज्जा नसेल तर दक्षिणेच्या खिडकीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत जितकी उंची, जवळजवळ तितकं लांब ऊन खोलीत येतं. हा झाडासाठी सुगीचा काळ. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, मुंबईत महिन्याच्या मध्याला, नागपुरात शेवटाकडे. त्या दिवसापासून जुलैअखेरीच्या दुसऱ्या शून्य सावली दिवसापर्यंत मुंबई-पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे हे जवळपास अडीच महिने दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. आणि नेमक्या याच दिवसांत आभाळ भरून येतं. झाडाच्या दृष्टीने तो दुहेरी अंधार.

पूर्वेची खिडकी वर्षभर सकाळचं ऊन देते आणि फ्लॅटमध्ये माझी पहिली पसंती तिलाच. पश्चिमेचीही चालते, पण विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो तेव्हा पश्चिमेच्या काचेला टेकलेलं खोड भाजतं; तिथे दुपारपुरता पातळ पडदा हवा. विदर्भातल्या घरांत आणखी एक गोष्ट: कूलरचा दमट झोत थेट झाडावर येऊ देऊ नका. उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्याचे काही आठवडे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. जिथे खिडकीच नाही तिथे पांढऱ्या प्रकाशाचा चांगला एलईडी दिवा झाडापासून फूटभरावर, दिवसाला बारा-चौदा तास लावला तर काम होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तो खिडकीतल्या झाडालाही उपयोगी पडतो.

नर्सरीतून आणलेलं झाड मात्र एकदम उन्हात ठेवायचं नाही. हिरव्या जाळीच्या शेडनेटखाली वाढलेली साल उघड्या उन्हात दोन दिवसांत करपते, आणि करपलेला तपकिरी डाग कधी जात नाही. पंधरा दिवस हळूहळू ऊन वाढवत न्यावं. झाड खिडकीकडे कलू नये म्हणून दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवावी. हे काम छोटं आहे, पण झाड सरळ उभं राहतं ते यामुळेच.

पाण्याचा हिशोब आता सोपा होतो. भरपूर ऊन असेल तेव्हा पाणी वाढीला लागतं आणि खोड भरतं. ऊन नसताना तेच पाणी बारीक, फिकट शेंडा काढतं किंवा मुळं कुजवतं. म्हणून पाणी उन्हाच्या मागे चालावं. घालाल तेव्हा पेल्या-दोन पेल्यांचा चिक्कूपणा करू नका. कुंडीच्या तळच्या भोकातून वाहून जाईपर्यंत घाला, ताटलीत साचलेलं फेकून द्या, आणि मग माती तळापर्यंत वाळेपर्यंत थांबा. वाळली का, हे वरून कळत नाही. खराट्याची काडी कुंडीत खोल खुपसून काढा. तिला ओल किंवा माती चिकटली तर अजून वेळ आहे. कुंडी उचलता येत असेल तर वजनावरूनही समजतं. देशावर फेब्रुवारी ते मे चांगल्या उन्हात साधारण आठ-दहा दिवसांनी पाळी येते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंधरवड्याने. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाड, विदर्भ अशा ठिकाणी रात्री गारठा वाढतो आणि दहा अंशांखाली पारा गेला की झाड थांबतं. तेव्हा तीन-चार आठवडे पाणी नसलं तरी बिघडत नाही.

पावसाळ्याबद्दल मात्र जरा कडक नियम हवा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोकणात आणि गोव्यात त्याहून अधिक. हवेतच इतका ओलावा असतो की कुंडी वाळायला आठवडे लागतात. ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, बुरशीजन्य कूज शिरते, आणि ती खालून वर चढते. जमिनीलगतचं खोड मऊ लागायला लागलं तेव्हा आत बराच भाग गेलेला असतो. म्हणून आषाढी एकादशीपासून कोजागरीपर्यंत हात आखडता ठेवा. घाटमाथ्याच्या पश्चिमेला महिन्यातून एकदा, तेही उघडीप मिळाली तर. धारा अगदीच आत ओढल्या नसतील तर तेवढंही नको. झाड पावसात ठेवायचा मोह टाळा. ‘पावसाचं पाणी झाडाला चांगलं’ हे खरं असलं तरी सलग चार दिवसांच्या झडीला हा नियम लागू होत नाही. पाणी आखडलं की झाड या काळात वाढत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. अंधारातली वाढ थांबवणं हाच आकार राखण्याचा मार्ग.

पाणी कितीही नेमाने घातलं तरी माती चुकीची असेल तर सगळं फुकट जातं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांगच आहे. तिथल्या एका मालकांना मी विचारलं की सगळी झाडं कोकोपीटमध्येच का. ते म्हणाले, “ताई, माती भरली तर टेम्पोत निम्मीच झाडं बसतील. शिवाय आमच्याकडे ऊन आहे, वारा आहे, रोज बघणारा माणूस आहे. तुमच्या घरात गेल्यावर बदलायचं ते तुम्ही.” त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नारळाच्या काथ्याचा हा भुसा एकदा पूर्ण वाळला की पाणी धरत नाही, कडेने सोडून देतो. आणि भिजला की बंद खोलीत वाळता वाळत नाही. झाड घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, कोरड्या दिवसांत, ते काढून टाकणं हिताचं.

नवं मिश्रण करताना निम्म्याहून जास्त भाग खडबडीत, पाणी न धरणारा हवा. चाळलेला मुरूम, विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड वाळू किंवा दगडाची बारीक खडी, यांतलं जे गावात मिळेल ते. ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड, म्हणजे प्युमिस, मिळाला तर फारच छान. उरलेल्यात बागेची माती आणि मूठभर जुनं शेणखत किंवा गांडूळखत. कोकणातली तांबडी माती चालते. देशावरची काळी माती मात्र या कुंडीत अजिबात नको. ती भिजली की फुगते, वाळली की आवळते आणि बारीक मुळं तोडते. बारीक वाळूही नको, ती फटी बुजवते. कुंडी भाजक्या मातीची, तळाला भोक असलेली, मुळांच्या गड्ड्याहून जेमतेम दोन बोटं मोठी. झाड उंच असेल तर कुंडी जड आणि बुडाशी रुंद हवी, नाहीतर वरच्या वजनाने ती कलंडते. दिवाणखान्यातली भोक नसलेली चिनी मातीची कुंडी आवडत असेल तर मातीची कुंडी तिच्या आत बसवा आणि पाणी घालायला बाहेर काढा. मुळांना हात लागला असेल तर कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा आधी सुकू द्याव्यात. खत उन्हाच्या दिवसांत, निम्म्या प्रमाणात, दोन-तीनदा पुरे. जास्त नत्र दिलं की खोड भुसभुशीत होतं.

चिकाबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण विकताना ते क्वचितच कुणी सांगतं. या झाडाच्या प्रत्येक भागात पांढरा चीक दाबाखाली भरलेला असतो आणि जरा खरचटलं तरी बाहेर येतो. कातडीला तो लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर पारपटलाला सूज येते, असह्य दुखतं आणि दृष्टी धोक्यात येऊ शकते. असं झालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन ताबडतोब नेत्रतज्ज्ञांकडे जायचं आणि झाडाचं नाव सांगायचं. छाटणी करताना हातमोजे आणि चष्मा घाला, झाड डोळ्यांच्या पातळीच्या वर असताना कापू नका, मुलं आणि मांजर खोलीबाहेर ठेवा. याच चिकाचा आपल्या वैद्यांनी केलेला उपयोग थक्क करणारा आहे. भगंदरावर वापरतात त्या क्षारसूत्रात दोऱ्याला 21 लेप देतात: 11 नुसत्या स्नुहीच्या चिकाचे, सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. बनारस हिंदू विद्यापीठात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत नव्याने उभी राहिली. ते तज्ज्ञाचं काम आहे. घरच्या कुंडीतल्या झाडाचा औषधासाठी कोणताही उपयोग करू नये.

रोगराई या झाडाला तशी कमी. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकोरणीने टिपून काढावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावं. मुंग्यांची ये-जा वाढली की तो कुठेतरी आहे असं समजा, कधीकधी मुळांतही. कोरड्या उन्हाळ्यात कोवळ्या शेंड्यावर गंजासारखी बारीक जाळी आली तर लाल कोळी. जुन्या झाडाच्या बुंध्याशी साल तपकिरी, कडक होते तो मात्र रोग नव्हे, खोड लाकडासारखं होत असतं. दाबून पाहा: कडक असेल तर निर्धास्त राहा, मऊ असेल तर आजच कापा. पांढरा, डागविरहित गाभा दिसेपर्यंत वर वर कापत जायचं आणि वरचा भाग नव्याने लावायचा.

लावण्याची रीत हीच, झाड धडधाकट असतानाही. सुरीने सरळ काप घ्यावा, थंड पाण्याखाली धरून चीक थांबवावा, आणि तुकडा सावलीत एक-दोन आठवडे नुसता ठेवून द्यावा. कापावर कोरडी खपली धरली की मुरमाच्या मिश्रणात उभा करायचा. फेब्रुवारी-मार्च हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात कापलेले तुकडे कुजतात. ट्रायगोना घरात क्वचितच फुलतो, त्यामुळे नर्सऱ्यांतली झाडं अशा तुकड्यांपासूनच वाढलेली असतात. शेजारणीकडे चांगलं झाड असेल तर विकत घ्यायची गरजच नाही.

हल्ली ‘कोरल कॅक्टस’ नावाने पंख्यासारखं पसरलेलं, गुलाबी कडेचं एक नवल विकायला असतं. तेही कॅक्टस नव्हे. वरचा भाग युफोर्बिया लॅक्टियाची विकृत, पसरट वाढ, आणि खालचा दांडा बहुतेक वेळा आपला मिनगुट! बांधावरचा निवडुंग जगभरातल्या दिवाणखान्यांत या कलमाला खालून आधार देत उभा आहे. दांड्यावर मिनगुटाची स्वतःची पानं-फांदी फुटली तर खुडून टाकावी, नाहीतर सगळा जोर तीच घेते. रंग फवारलेली किंवा गोंदाने कागदी फुलं चिकटवलेली झाडं मात्र कुणीही घेऊ नयेत. रंगाखाली खोडाला उजेड पोहोचत नाही.

या झाडांच्या देखणेपणाची किंमत रानाने मोजली आहे. चेंडूसारखा गोल, आठ शिरांचा युफोर्बिया ओबेसा दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातल्या एका छोट्या पट्ट्यातला. जोसेफ हूकरने 1903 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हौशी संग्राहकांनी तो इतका उपटला की रानात तो संपण्याच्या बेताला आला. आता बियांपासून तयार केलेली रोपं सर्वत्र मिळतात, आणि रानातून आणण्याचं कारणच उरलेलं नाही. तरी चोरी थांबलेली नाही. 2019 नंतर त्याच देशातून कोनोफायटम या बुटक्या मांसल वनस्पतीची लाखो रोपं चोरून काढली गेली. मांसल युफोर्बिया आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. लागवडीतून आलेली ट्रायगोनाची वाणं आणि मिनगुटावर कलम केलेली लॅक्टिया यांना त्यातून सूट आहे, म्हणून ती निर्धास्त घ्यावीत.

आपल्या घरचं उदाहरण शिंदळ माकुडीचं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणांच्या कड्यांवर वाढणारी ही मांसल वनस्पती महाराष्ट्राबाहेर रानात कुठेही नाही. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पावसात तिला पानं येतात आणि ती पानं इतर झाडांसारखी दिवसा श्वास घेतात. पाऊस सरला की पानं गळतात आणि उरलेलं हिरवं खोड रात्रीच्या श्वासावर चालतं. एकाच झाडात दोन्ही रीती. युरोपातल्या संग्राहकांच्या कुंड्यांत ती वाढते आहे. गडावर फिरताना ती दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. एक काडीही तोडू नका, आणि समाजमाध्यमावर नेमकी जागा टाकू नका.

ट्रायगोना घरी आणायचा असेल तर दिवाळीसारखा मुहूर्त नाही, आणि त्याला कारण आहे. कोजागरी उलटलेली असते, हवा कोरडी होत जाते, सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो आणि पुढचे सहा-सात महिने झाडाला घर ओळखायला मिळतात. नर्सरीत उंची पाहू नका. बुंधा अंगठ्याने दाबून पाहा, मधे कुठे बारीक झालेली मान आहे का ते पाहा, शेंडे गर्द आणि खालच्या खोडाइतके जाड आहेत का ते पाहा. फूटभराचं ठेंगणं, जाड झाड घ्या. चांगल्या उन्हात ते वर्षाला जवळपास फूटभर वाढतं आणि तुमच्याच खिडकीच्या उजेडात घडतं. पण घरात पूर्व, दक्षिण किंवा पश्चिमेची एकही मोकळी खिडकी नसेल आणि दिवा लावायची तयारी नसेल, तर हे झाड घेऊ नका. कमी उजेडात तग धरणारं स्नेक प्लांट घ्या.